पारकरभाई आणि पाठीवरचं यान

दाऊद पारकरांना एका वस्तूवर दुसरी वस्तू ठेवलेली सहन होत नाही. शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या लोखंडी शेड बनवणाऱ्या कंपनीत ते सेफ्टी ऑफिसर, मी परचेसला. कॅन्टीनमध्ये माझा डबा दुसऱ्याच्या डब्यावर दिसला की ते तो उचलून माझ्या हातात देतात आणि विचारतात, "खालच्याला विचारलंस?" हेच ते क्रेनवाल्याला विचारतात, गोदामवाल्याला विचारतात. जनरल मॅनेजरने फाइलींच्या गठ्ठ्यावर कॉफीचा मग ठेवला होता, तेव्हा त्यालाही विचारलं.

विचारतात म्हणजे ओरडतात. हेल्मेट न घालणाऱ्यावर, एसीवर, शारजाच्या ट्रॅफिकवर, सगळ्यांवर एकाच पट्टीत.

पण त्यांचा सगळ्यात मोठा राग होता तो अमेरिकेतल्या एका जुन्या विमानावर. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. जंबो विमानाच्या पाठीवर अख्खं स्पेस शटल बांधलंय आणि ते विमान मजेत उडतंय. पारकरभाई पेटले. "अवकाशयान काय, असं टपावर टाकून नेतात? परमिट कोणी दिलं?"

आम्ही एकाच गाडीने कामावर जातो. त्या दिवसापासून रोज सकाळी मला एक नवा आक्षेप ऐकावा लागे. एकदा मी म्हटलं, "पारकरभाई, ते बंद होऊन बरीच वर्षं झाली. यानं म्युझियममध्ये आहेत. कधी पडलं नाही."

"पडलं नाही म्हणजे सेफ होतं असं नाही," ते म्हणाले. "म्हणजे पकडले गेले नाहीत."

शेवटी माझंही डोकं फिरलं. सगळं शोधून वाचून काढलं आणि संधीची वाट बघत बसलो.

एका रविवारी त्यांनी जेवायला बोलावलं. भाभींनी कोळंबीचा पुलाव केला होता. त्यांची मुलगी सना जर्मनीत एका विमान कंपनीत इंजिनिअर आहे. पारकरभाईंनी तिला व्हिडिओ कॉल लावला आणि सलाम-दुआ न करता सुरू झाले, "वरच्या यानावरून येणारी हवा खालच्या विमानाच्या शेपटीवर आदळणार. मग ते वळणार कसं?"

"गुड क्वेश्चन, अब्बा," सना हसत म्हणाली.

मी चमचा खाली ठेवला. "त्यासाठी विमानाच्या शेपटीला दोन्ही टोकांना जादा उभे पंख बसवले होते. यानाच्या मागच्या बाजूला टोपण लावलं होतं, हवा सरळ जावी म्हणून. तीन ठिकाणी पक्कं जोडलेलं होतं. वजन कमी व्हावं म्हणून विमानातल्या खुर्च्यासुद्धा काढल्या होत्या. खलास."

"एक्झॅक्टली, अंकल," सना म्हणाली. आता ती हसत नव्हती.

पारकरभाई फोनकडे बघत राहिले.

"जेवलीस?"

"येस, अब्बा."

"थंडी?"

"इट्स ओके."

फोन बंद झाला. पारकरभाई हळू आवाजात मला म्हणाले, "पुलाव घे." त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

स्वयंपाकघरात ताट ठेवायला गेलो तर भाभींनी मला धरलं. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं उत्तरं द्यायला? ती जर्मनीला निघाली तेव्हा हे नको म्हणत होते. भांडण झालं. कित्येक महिने बाप-लेक बोलले नाहीत. मग ते विमान बघितलं आणि रागाच्या भरात तिलाच फोन लावला. तासभर बोलले. तेव्हापासून दर रविवारी एक नवा प्रश्न. त्यांना सगळं ठाऊक आहे हो, कुठे काय जोडलंय ते. शनिवारपर्यंत पाठ असतं. रविवारी विसरतात."

पुढचा आठवडा गाडीत शांतता होती. कॅन्टीनमध्ये तीन डबे एकावर एक होते. पारकरभाई बघून पुढे गेले. मला स्वतःचाच इतका राग आला की जेवण गेलं नाही.

रविवारी मी न बोलावता त्यांच्या घरी गेलो.

"पारकरभाई, पाऊस आला तर? यानाच्या अंगावरच्या उष्णता अडवणाऱ्या फरश्या नाजूक, पावसाच्या माऱ्यानेही खराब होतात म्हणे. त्यात इंधनासाठी मध्ये मध्ये उतरायचं. तिथे ढग आले तर उघड्यावर काय करायचे?"

त्यांचा चेहरा लाल झाला. "हे तू मला आज सांगतोस?" बोलता बोलता त्यांनी फोन लावलासुद्धा. "सना, पावसाचं काय?"

दिवसभर विमानांचंच काम करणारी मुलगी ती. तिने स्क्रीनवरून माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"आय डोन्ट नो, अब्बा. आय विल हॅव टु चेक." आणि मग मराठीत म्हणाली, "पुढच्या रविवारी सांगते. चालेल?"

"इंजिनिअर आहेस आणि एवढं माहीत नाही?" पारकरभाई ओरडले. सोफ्यावर पाय वर घेऊन नीट बसले, फोन जवळ धरला.

"बरं. तोपर्यंत तुझ्याकडच्या पावसाचं सांग."