डोळ्यांदेखत प्रगती

आमच्या शाळेला 'गुणवत्ता-उन्नती सन्मान' मिळाला तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष मीच होतो आणि आजही आहे. तेव्हा मी सांगतो ते अधिकृत समजावे. सन्मान टिकवायला वरून एकच अट आली होती: कागदावरची प्रगती चालणार नाही, ती पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत झाली पाहिजे. तीही तासाभरात, कारण पाहुण्यांचं जेवण पुढे निलंग्याला असतं.

अट रास्त होती. ज्या पोरांना खरोखर वाचता येत नव्हतं, त्यांच्याकडून मुख्याध्यापक शरणप्पा सरांनी आठवडाभर घोकून घेतलं. एकही पोरगं तासात शिकेना. इतकी हट्टी पोरं मी उभ्या जन्मात बघितली नाहीत! शेवटी सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अध्यक्ष, तासाभरात तेच लेकरू वाचायला शिकतंय, ज्याला आधीच वाचता येतंय."

मला पटलं. चौथीतली रेणुका घडाघडा वाचायची. एसटीची पाटी म्हणू नका, खताचं पोतं म्हणू नका, काही सोडायची नाही. तिची 'अप्रगत विद्यार्थी' या पदावर नेमणूक झाली. पाहुणे आले की न वाचणाऱ्या पोरांना मारुतीच्या देवळात बसवायचं. मग रेणुकानं "क... म... ळ" असं अडखळायचं, सरांनी अक्षरांचे रंगीत पत्ते नाचवायचे आणि तास संपता संपता तिनं अख्खा धडा वाचून दाखवायचा. पाहुणे डोळे पुसायचे. कंधारचे आले, उमरीचे आले, नांदेडहून तर दोन गाड्या भरून आले. एकाच पोरीनं इतक्या वेळा प्रगती केल्याचं दुसरं उदाहरण जिल्ह्यात नसावं.

जूनमध्ये तिची आई कोंडाबाई खुरपं कमरेला खोचून शाळेत आली.

"सर, पोरीचा दाखला द्या. निलंग्याला पाचवीत घालायचीय."

"अप्रगत पोरीला पुढं कसं पाठवू, कोंडाबाई? नियमात बसत न्हाई."

"कशाची अप्रगत? दुसरीपासून वाचती की ती!"

"हळू बोला, माय," सर कावरेबावरे झाले. "पाहुणे आत बसल्यात."

कोंडाबाईचा आवाज खाली आला, पण थरथरला. "सर, काल दुकानाची पाटी वाचताना बी अडखळली ती. म्हणली, आई, सवय लागली."

मी मध्ये पडलो. "कोंडाबाई, जरा जिल्ह्याचा इचार करा."

"जिल्ह्याला लई लेकरं हायत, अध्यक्ष. मला येकच हाय."

बाईला सार्वजनिक दृष्टी नाही, असा मी मनात शेरा मारला.

पुढच्या आठवड्यात सर्वांत मोठे साहेब आले. पोरं देवळात गेली, कोंडाबाई खिडकीशी येऊन उभी राहिली. सरांनी पुस्तक उघडून दिलं. रेणुकानं एकदा आईकडे बघितलं आणि वाचायला लागली. अडखळणं नाही, थांबणं नाही. धडा संपला, तिनं पान उलटलं, दुसरा धडाही वाचून टाकला. सरांच्या हातातले पत्ते गळून पडले.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "तासाची प्रगती चार मिनिटांत?"

"नवी पद्धत हाय साहेब," सर म्हणाले. हा माणूस उगाच मुख्याध्यापक झालेला नाही.

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! साहेबांनी राज्यस्तरीय सन्मानासाठी शाळेची शिफारस केली आणि अशा मुलीला अडकवून ठेवणं हा गुन्हा आहे, असं सरांनाच सुनावलं. दाखला साहेबांच्याच हस्ते दिला गेला, फोटोसकट. कोंडाबाईनं पदरानं डोळे टिपले, लेकीचं बोट धरलं आणि दुपारच्या निलंगा गाडीत जाऊन बसली. गाडी हलली तेव्हा रेणुका खिडकीतून समोरच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती. खोटं कशाला बोलू, मीही रुमाल काढला.

तुम्हालाही बरं वाटलं असेल. साहेबांनाही वाटलं, ते जेवायला गेले.

दिवस मावळताना शाळेला कुलूप लावता लावता सर थबकले. "अध्यक्ष, देवळातल्या पोरांना कुणी उठवलं का हो?"

मी नव्हतं उठवलं. सरांनीही नाही. आणि तुम्ही एवढा वेळ मन लावून ऐकताय, तुम्ही तरी कुठं विचारलंत?