अनसाकाकूचा ओला दोरा

आंजी गावचं वाकळ-मंडळ मोडलं ते माझ्यामुळे. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. पण आधी अनसाकाकू सांगायला हवी, नाहीतर नक्की काय मोडलं ते कळणार नाही.

जुनी लुगडी-धोतरं थरावर थर लावून शिवायची ती वाकळ. काकूच्या तोंडी ‘वाकय’. तिच्या ओसरीवर दुपारी अकरा बायका जमून ती शिवत. मंडळ चालवणाऱ्याला माणसं हवी असतात, असा माझा समज होता. काकू मात्र नव्या बाईला आधी घालवूनच द्यायला बघे.

“आधी तोटा ऐक,” ती म्हणे. “पाठ धरते. बोटं सोलते. इथं ऐकलेलं बाहेर बोलाचं नाई, मंग पोट फुगते. आन् पयली वाकय तुले भेटत नाई. गावात जिचे दिवस भरले असन तिच्या घरी जाते. आता सांग, कायले मरतं इथं?”

“आन् फायदा, काकू?”

“फायदा एकच. दोन घंटे तुले कोणी हाक मारत नाई.”

एवढं ऐकल्यावर परत गेलेली बाई मी पाहिली नाही.

मी शेजारच्या खोलीत भाड्यानं एकटा राहणारा शाळामास्तर; बायको गावी. माझी खिडकी तिच्या ओसरीवर उघडे. काकूचं वय साठीच्या पुढचं, नवरा लग्नानंतर वर्षभरात गेलेला, मूलबाळ नाही. दीड एकर जमीन बटाईनं दिलेली. माणसाकडे ती कापड म्हणून बघे. मी सकाळी शाळेला निघालो की दारातून विचारी, “मास्तर, हे धोतर अजून किती दिवस नेसता जी?” प्रकृतीची चौकशी करावी तसा हा प्रश्न रोजचा. एकदा मी तापानं आठ दिवस पडून होतो. ती पेज घेऊन आली, कपाळाला हात लावला आणि उठताना चादरीचा काठ दोन बोटांत धरून म्हणाली, “ही आता निंगली बरं का कामातून.”

मंडळाचा कायदा कडक होता. चारही बाजूंनी बायका बसत, काठापासून आत टाके घालत येत आणि वीतभर शिवण झाली की काकू ओरडे, “सरका!” मग प्रत्येकीनं एक जागा पुढे सरकायचं, म्हणजे ‘हा माझा काठ’ असं कोणाला म्हणता यायचं नाही. शिवून झाल्यावर काकू डोळे मिटून वाकळीवरून तळहात फिरवी. मधेच थांबून म्हणे, “इथं कोण होती? घरून भांडून आली होती वाट्टे.” बहुतेक वेळा कोणीतरी खाली बघत असे.

अडचण एकच होती. बहुतेकजणी चाळिशी उलटलेल्या. टाके हाताच्या सवयीनं पडत, पण सुईत दोरा ओवायची वेळ आली की सगळं मंडळ आंधळं. पाऊण तास तर ओवण्यातच जाई. म्हणून काकूनं नाल्यापलीकडच्या वस्तीतली सोनाबाई बोलावली. नागपूरच्या दीक्षेला जाऊन आलेलं घर, बाई तिशीतली, नजर घारीची. काकूनं तिलाही तोटे ऐकवले. सोनाबाई शांतपणे म्हणाली, “काकू, तुमी माहा एक तोटा सांगतलाच नाई. मले पायरीवर बसा लागन.”

काकूनं आधी पायरीकडे पाहिलं, मग ओसरीवरच्या सतरंजीकडे. 

सोनाबाई पायरीवर बसून सुया ओवून ठेवी, ओसरीवरच्या बायका त्या उचलत. सुई लोखंडाची, लोखंडाला विटाळ नसतो, असं त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. काम दीडपट वेगानं होऊ लागलं. आणि काकूनं एक उद्योग सुरू केला. दर आठवड्याला ती सतरंजी हातभर पायरीकडे ओढायची. कधी “भिंतीकून ओल येते वो,” कधी “तिकडं उजेड नाई.” बायका सतरंजीबरोबर सरकत. सरकायची सवय तर त्यांना होतीच. खिडकीतून मी ते अंतर मोजत असे. हिवाळा संपत आला तेव्हा सतरंजी आणि पायरी यांच्यात दीड वीत उरली होती.

आता माझं.

मी अबोल माणूस. किराणा दुकानाच्या बाकावर संध्याकाळी गावातले चार लोक बसत, मीही बसे. त्रेचाळीस वर्षांत माझ्या बोलण्यावर कोणी हसल्याचं मला आठवत नव्हतं. त्या दिवशी सोवळ्याचा विषय निघाला. दुकानदार शेठ आईच्या सोवळ्याचं कौतुक सांगत होते. त्यांची आई मंडळात होती. आणि मी बोलून गेलो, “शेठ, दोरा ओवायला तो आधी तोंडात धरून ओला करतात ना? मग तुमच्या घरातलं सोवळं सोनाबाईच्या थुंकीनं शिवलेलं आहे.”

बाक हसला. पोट धरून हसला. एकानं माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला फार आवडली, हेही लिहून टाकतो. शेठ मात्र हसले नाहीत.

दुसऱ्या दुपारी अकराच्या अकरा जणी आल्या त्या उभ्याच राहिल्या. शेठच्या आईनं सुई काकूसमोर ठेवली. “दोरा बाटला, अनसे.”

“आतापावतर कोणाच्या थुंकीनं ओवत होती? तुह्या सासूच्याच ना?” काकू म्हणाली. “बरं, बसा. आजपासून कोरडा दोरा. जी कोरडा ओवीन तिचं म्हणणं खरं.”

अकराजणी उन्हाकडे तोंड करून बसल्या. कोणी एक डोळा मिटला, कोणी दोन्ही. दोऱ्याची टोकं केरसुणीसारखी फुटलेली. शेठच्या आईनं सवयीनं दोरा ओठांकडे नेला आणि मधेच हात थांबवला. पायरीवर सोनाबाई खाली मान घालून होती, पण तिचे खांदे हलत होते. ती हसत होती. अर्धा तास झाला, एकही सुई ओवली गेली नाही. मग एकेक बाई उठली आणि निघून गेली. काकू जिंकली आणि मंडळ संपलं.

“मी बी येत नाई उद्यापासून,” सोनाबाई म्हणाली.

“काऊन? तुहा दोरा खराब हाय का?”

सायंकाळी काकू माझ्या खिडकीशी आली. “मास्तर, तुमची खिडकी ओसरीवरच उघडते. दोरा कसा ओवते हे त्यायच्या घरच्यायले कोण सांगतलं, मालूम हाय का तुमाले?”

मी म्हणालो, “नाही.”

 ती माझ्या धोतराकडे न बघताच गेली.

पावसाळ्याच्या तोंडी माझी समुद्रपूरला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तर सतरंजी पायरी उतरून अंगणात आलेली. तिच्यावर दोघीच, समोरासमोर. सोनाबाई ओवून देत होती, काकू शिवत होती. वीतभर शिवण झाली की काकू म्हणे, “सरका!” आणि दोघी जागा बदलत.

“बाकीच्या येत नाहीत?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“त्यायले घरी हाका मारणारे लय हायेत, मास्तर. चार दिवस इथं सुटका होती.” काकूनं टाका ओढला. “मी फायदा सांगो तो त्यायचा होता. माहा फायदा येगळा होता. दुपारी अकरा जणी दारातून ‘काकू’ म्हनत.”

“एकटी मी म्हनतो ना अकरा डाव,” सोनाबाई म्हणाली.

“तू तं भांडाले म्हनतं.”

मग तिनं माझ्या हातात एक लहानशी वाकळ ठेवली. माझ्या लेकीचे दिवस भरत आले होते, ते तिनं लक्षात ठेवलं होतं. मंडळाच्या कायद्याप्रमाणे एक कोपरा उघडा होता. ज्या घरी वाकळ जाते त्या घरानं आपलं कापड घालून शेवटचे टाके आपल्या हातानं घालायचे. कोपऱ्यात ओवलेली सुई टोचून ठेवली होती.

“आतातरी ते धोतर फाडजा जी,” काकू म्हणाली.

तिला ठाऊक होतं की नाही, मला सांगता येत नाही. ठाऊक असो वा नसो, माझं केलेलं तेवढंच राहतं.

याला दोन वर्षं झाली. नात आमच्याकडेच ती वाकळ पांघरून मोठी होते आहे. बायकोनं कोपरा शिवायला घेतला की मी काहीतरी निमित्त काढून थांबवतो. सुई काढून मी डबीत ठेवली आहे, दोरा अजून तिच्यात आहे. दोघी बायका आंजीतच आहेत आणि समुद्रपूरहून सकाळी निघालं तर दुपारपर्यंत तिथं पोचता येतं.

एका धोतराचा तुकडा, चार बोटं शिवण आणि त्या सतरंजीवर बसून दोघींच्या समोर ‘मी सांगितलं’ हे दोन शब्द, एवढं माझ्याकडून देणं आहे.