साळूबाईच्या जीपचा पंखा

मुलांनो, दमलेली गाडी तुम्ही कधी पाहिली आहे का?

एका जंगलात साळूबाई नावाची साळिंदर राहत असे. तिच्याकडे एक जुनी जीप होती. सीटला काट्यांची भोकंच भोकं होती, पण जीप गुणाची होती. तिची खोड एकच. घाट चढून वर गेलं आणि चावी बंद केली, की पंखाही बंद व्हायचा. मग आतली उष्णता जाणार कुठे? बॉनेटमधून वाफ यायची, खाली पाणी सांडायचं आणि साळूबाईच्या डोळ्यांतही पाणी यायचं.

त्यात घाटापलीकडे दिलेली तिची लेक शेवंती पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं. उद्या सकाळी तिला आणायला जायचं होतं. वर जाऊन जीप बंद पडली, तर पोरीला घेऊन उतरायचं कसं? या काळजीने साळूबाईचे काटे सकाळपासून उभेच होते.

ती वानर मिस्त्रीकडे गेली.

"सोपं आहे, मावशी," मिस्त्री म्हणाला. "पंख्याला चावीवरून वीज नको, सरळ बॅटरीवरून देऊ. मध्ये टायमरचा रिले, म्हणजे वेळ मोजून वीज तोडणारी डबी बसवू. तुम्ही चावी काढलीत, की पंखा आणखी पाच मिनिटं फिरेल आणि आपला आपण थांबेल."

त्याने एक काळी डबी बसवली. ती खरं तर पाण्याच्या पंपाची होती. रात्रभर चालू ठेवायचं म्हटलं तरी ठेवणारी.

"वेळ या स्क्रूवर आहे," मिस्त्री म्हणाला. "याला कोणी हात लावायचा नाही."

साळूबाईने चावी काढली. पंखा घरघरत राहिला. थोड्या वेळाने 'टक्' झालं आणि थांबला. साळूबाईला इतका आनंद झाला, की तिने सगळ्या जंगलाला बघायला बोलावलं.

आता त्या जंगलाची एक रीत होती. कोणी काही नवं आणलं, की प्रत्येकाने एक सूचना करायची आणि मालकाने ती मानायची. न मानणं म्हणजे पाहुण्याला पाणीसुद्धा न विचारण्यासारखं.

दुपार तापली होती. रानगवा आप्पा जीपसमोर फतकल मारून बसले. मिस्त्रीने घाईत पंख्याच्या तारा उलट जोडल्या होत्या, त्यामुळे वारा आत जायच्या ऐवजी समोर येत होता. याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती.

"वारा झकास आहे हो, साळूबाई," आप्पा म्हणाले. "पण डोळा लागतोय न लागतोय तोच बंद होतो. थोडा वाढवा की."

मिस्त्रीने नको नको म्हणून मान हलवली. पण आप्पांना नाही कसं म्हणायचं? साळूबाईने स्क्रू जरासा फिरवला.

"आप्पांचं ऐकलंत. आम्ही काय परक्या?" कोल्हीणवहिनी फुरंगटल्या. "माझी शेपटी वाळेपर्यंत तरी चालू दे."

स्क्रू आणखी फिरला.

ससेभाऊंना वारा सोसतही नव्हता. पण सूचना केली नाही तर लोक काय म्हणतील, म्हणून त्यांनीही थोडा वाढवून घेतला.

शेवटी सिंहमहाराज आले. उद्घाटन त्यांच्याच शुभहस्ते होतं. त्यांनी एका नखाने स्क्रू पार टोकाला नेला, वाऱ्यासमोर आडवे झाले आणि घोरू लागले.

दिवस कलला. पंखा फिरतच होता.

"मावशी, बॅटरी बसेल," मिस्त्री कुजबुजला. "तार काढू?"

"काढ रे बाबा, लवकर काढ."

"आणि वारा थांबला म्हणून महाराज जागे झाले तर?"

"तर तू सांग त्यांना समजावून."

"मी? जीप तुमची आहे, मावशी!"

साळूबाई स्वतःच तारेपाशी गेली. तिच्या डोळ्यांसमोर शेवंती आली, पोटावर हात ठेवून घाटाकडे बघत बसलेली. तिने तार धरली. तिचे काटे उभे राहिले आणि खुळखुळ वाजले.

"श्श!" कोल्हीणवहिनी डाफरल्या. "काटे आवरा, साळूबाई! महाराजांची झोपमोड झाली म्हणजे?"

महाराजांनी कूस बदलली. साळूबाईने तार सोडली आणि ती बाजूला जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज प्रसन्न होऊन उठले. इतकी थंड गाडी आपण पाहिली नाही, असं ते म्हणाले. ते खरंच होतं. इंजिन इतकं थंड आजवर कधीच झालं नव्हतं. साळूबाईने चावी फिरवली. जीपने हूं की चूं केलं नाही. उन्हं वर आली तेव्हा शेवंती डोक्यावर बोचकं घेऊन, बसत उठत, घाट उतरून एकटीच माहेरी आली.

तात्पर्य : गाडी थंड ठेवायची असेल, तर तिला सुरूच होऊ देऊ नये. आणि ज्या आईला सगळ्यांची मनं राखायची असतात, तिने लेकीला घाट उतरायला आधीच शिकवून ठेवावं.