गादीतलं तळं

सेतुराव पहिल्यांदा माझ्या घरी आले तेव्हा नमस्कार-चमत्कार काही झाला नाही. चपला काढून ते थेट आतल्या खोलीत गेले, माझ्या पलंगापाशी वाकले, गादीच्या मधोमध उजवा तळहात टेकवला आणि डोळे मिटून घेतले. मी पाण्याचा पेला हातात धरून दारात उभा.

"इथं तळं झालंय," ते म्हणाले. "डावी कंबर दुखती नव्हे तुमची? उठतांना पहिलं पाऊल टाकवत नाही?"

मी गारच पडलो. बँकेच्या बदलीने तंजावूरला येऊन मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. कंबरेचं मी साताऱ्याला बायकोलासुद्धा कळवलं नव्हतं, कारण तिने लगेच काढ्याच्या बाटल्या पाठवल्या असत्या. आणि या गृहस्थांना ते गादीने सांगितलं!

सेतुराव माझे शेजारी. राजवाड्यामागच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांपैकी एक घर त्यांचं. मराठीत बोलतात, तमिळमध्ये लिहितात आणि इंग्रजीत रागावतात. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. सगळी नोकरी कालव्यांचे उतार मोजण्यात गेली. निवृत्त झाल्यावर कालवे सुटले, पण उतार काही सुटले नाहीत. आता ते गाद्यांचे उतार बघतात.

त्यांच्या लेखी माणसं दोन प्रकारची, कुशीवर निजणारी आणि उताणी. पालथ्यांचं काय, असं मी एकदा विचारलं. "त्यांना देवच बघूं दे," म्हणाले. खिशात सदैव शिंप्याची टेप. कुशीवर निजणाऱ्याचं मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंतचं अंतर मोजायचं आणि उशी तेवढीच जाड करायची, शिवाय गुडघ्यांच्या मध्ये एक लहान उशी. उताण्याला डोक्याखाली पातळ उशी आणि गुडघ्यांखाली लोड. पापनाशमच्या बसमध्ये त्यांनी कंडक्टरची मान मोजलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. कंडक्टरही तिकिटं सोडून मुकाट्याने उभा राहिला. त्यांच्या हातात काहीतरी आहे खरं.

चौथ्या दिवशी माझ्या दारात सावरीच्या कापसाची, घट्ट ठासून भरलेली गादी येऊन पडली. "घरांत एक जास्तीची मेत्तै होती," एवढंच म्हणाले. गादीला ते मेत्तै म्हणतात. महिन्याभरात माझी कंबर सुतासारखी सरळ झाली. मग कळलं, की समोरच्या संगीतशिक्षिकेकडे, कोपऱ्यावरच्या पोस्टमनकडे, गल्लीत जवळजवळ घरटी सेतुरावांचीच गादी होती. सगळ्यांना त्यांनी हेच सांगितलं होतं. एका घरात इतक्या जास्तीच्या गाद्या येतात कुठून?

याचं उत्तर त्यांच्याच घरात बसलेलं होतं. काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, संधिवात. गुडघे आणि खुबा असा ठणकतो की अकरा वर्षांत सलग दोन तास झोप नाही. प्रत्येक गादी सेतुरावांनी काकूंसाठी केलेली. नाही जमली की शेजारी द्यायची आणि पुढची करायला घ्यायची. म्हणजे अख्खी गल्ली काकूंना न जमलेल्या गाद्यांवर घोरत होती.

त्यात काकूंचा स्वभाव असा, की नवऱ्याचं मन मोडायचं नाही. काथ्याची गादी कशी? "बेस." कापसाची? "बेस." दुकानातली फोमची, जिच्यात त्या रुतून बसल्या आणि दोघांनी ओढून काढल्या? "तीही बेस." शेवटी सेतुरावांनी विचारणं सोडलं आणि सकाळी गादीलाच हात लावून बघू लागले. ती कितीदा वळली, कुठे कण्हली, सगळं त्या तळहाताला कळायला लागलं. हे ऐकलं तेव्हा मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

एकदा आईने साताऱ्याहून मला गोधडी पाठवली. सेतुरावांनी ती दाबली. उलटीसुलटी करून पुन्हा दाबली.

"हे दबतं, पण बुडत नाही," हळूच म्हणाले. "कशाचं?"

"जुन्या लुगड्यांचं. आईनं शिवलंय."

"आमच्यांतही होतं म्हणे. आजी सांगायची. मी बघितलं नव्हतं हो."

त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या आईला व्हिडिओ कॉल लावायला लावला. आई म्हणाली, बाहेरून आत चौकोन घालत या, बारीक धावदोरा. सत्तरीचा हा माणूस काकूंची विटलेली सुती नऊवारी लुगडी पसरून दीड महिना टाके घालत बसला. बोटांची चाळण झाली. टाका मात्र कालव्याच्या काठासारखा सरळ. "एवढा सरळ टाका आमच्या सुनेलाही येत नाही," आई कॉलवर म्हणाली. सून तिच्या मागेच उभी होती. ते मला पुढे निस्तरावं लागलं.

परवा शनिवारी त्यांनी ती गोधडी कडक गादीवर घातली. रविवारी दुपारी मी चौकशीला गेलो, तर सेतुराव ओट्यावर बसलेले. मला लांबूनच हाताने थांबवलं. भाजीवालीची हाळी तोंडातल्या तोंडात राहिली, इतक्या वेगाने तिच्याकडे धावले. मग माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "निजलीय. रात्रभर निजली, जेवून परत बाराला निजली. आतां साडेतीन."

"जिंकलात की, सेतुराव!"

"जिंकलों," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. "अकरा वर्षं ती जागी, म्हणून मीही जागा. बोलत पडायचों. तिच्या माहेरच्या, तिरुवैयारुच्या गोष्टी. काल एक गोष्ट अर्धी सांगितली अन् निजली. मी एकटाच राहिलों की हो."

मी त्यांना ओट्यावर बसवलं आणि शेजारी टेकलो. सगळ्या गल्लीला झोप देणाऱ्या त्या माणसाने माझा हात घट्ट धरला होता.

"थोडी उठवूं कां?" त्यांनी विचारलं. "तेवढी गोष्ट संपवून परत निजूं दे."

"नको," मी म्हणालो.

"सरि, बरं," ते म्हणाले, आणि माझा हात न सोडता तसेच बसून राहिले.