बिनचमकीचं दार

संगप्पा रंगारी दारासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, हे निम्मंच झालंय. आता वरून चमक मारायची."

"चमक नको. मला असंच हवंय," तनुजा म्हणाली.

"असंच? आवो, दारात आपलं तोंड दिसाय पायजे. तवा ते पॉलिश!"

"तोंड बघायला आरसा आहे घरात."

दार साधंसुधं नव्हतं. मुलाच्या लातूरच्या नव्या घरासाठी शेषेरावांनी हिमायतनगरकडच्या शेताच्या बांधावरचं सागवान कापलं होतं आणि गावच्या सुताराकडून दार घडवून पाठवलं होतं. सोबत फोनवर एकच वाक्य : "बांधावरचं झाड हाय सुनबाई, जपून." त्या वाक्यानं तनुजाची झोप उडाली होती. रविवारी आप्पा, म्हणजे तिचे सासरे, दार बघायला येणार होते. त्यात रांगती लेक शिवांगी. ती चाटून बघितल्याशिवाय कुठल्याच वस्तूला घरातली मानत नसे. म्हणून तनुजानं रात्ररात्र वाचून, चौकशा करून ठरवलं होतं : अक्रोडी रंगाचा एक हलका हात आणि त्यावर बिनवासाचा, बिनचमकीचा थर. लाकडाची रेघ न् रेघ दिसली पाहिजे.

"ताई, असं दार सोडून गेलो तर गल्लीत माझी इज्जत काय ऱ्हाईल?"

"संगप्पा, पुरे म्हणते ना! उद्यापासून येऊ नका!"

हे जरा मोठ्यानंच बोललं गेलं. समोरच्या ओट्यावर मेथी निवडणाऱ्या रत्नम्माकाकूंचा हात थांबला. काकूंच्या माहितीत दारं दोनच प्रकारची होती : चमकणारी आणि पैसे संपलेली.

दुसऱ्या दिवशी काकूंना आणखी पुरावे मिळाले. तनुजानं रंगाऱ्यावर नजर ठेवायची, तर शिवांगीवर कुणी ठेवायची, म्हणून तिच्या नवऱ्यानं, हरिओमनं, कॉलेजातल्या नोकरीतून आठवडाभराची रजा काढली होती. तो भर दुपारी हाफ चड्डीवर पायरीवर बसून लेकीला खिमटी भरवत होता. आणि तनुजा दार पुसत होती. असल्या लाकडाला ओलं फडकं लावायचं नाही, मऊ आणि कोरडंच हवं, असं तिनं वाचलं होतं. घरात सगळ्यात मऊ होतं ते शिवांगीचं जुनं लंगोट.

"नोकरी गेली गं पोराची," काकूंनी शेजारणीला सांगितलं. "साधं फडकं न्हाई घरात. लेकराच्या लंगोटानं पुसून राहिली."

संध्याकाळी काकू धपाटे घेऊन आल्या. "जास्तीचे झाले होते." दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून वरण आलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी लहान मुलांचे जुने स्वेटर आणून दिले.

"आपली गल्ली किती मायाळू आहे!" तनुजा भरून येऊन काकूंना म्हणाली. काकूंनी तिचा हात हातात घेतला.

"पोरी, धीर धर. हे बी दिवस जातेत."

"जातातच हो काकू. बघा ना, कालपर्यंत पालथी पडायची, आता रांगते."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. बाई किती सोसते आणि वर हसते!

शनिवारी सकाळी संगप्पा फाटकाशी हात जोडून उभा होता. "ताई, फुकट मारतो चमक. पण मारू द्या. लोक म्हणून राहिले, संगप्पानं गरिबाचं दार अर्धवट टाकलं."

"कुठला गरीब?"

संगप्पानं खाली बघत सगळं सांगितलं. तनुजा म्हणाली, "अगं बाई! हे आप्पांच्या कानावर गेलं तर?"

ते गेलंच होतं. रत्नम्माकाकूंकडे ज्याचा नंबर नाही, असा माणूस मराठवाड्यात नव्हता.

कोपऱ्यावर टेंपोचा हॉर्न वाजला. पुढे ड्रायव्हरशेजारी शेषेराव, मागे ज्वारीची पोती, तुरीची डाळ, गुळाच्या ढेपा आणि या सगळ्यावर पाय रोवून उभी असलेली एक शेळी.

"नातीच्या दुधाला," शेषेराव उतरत म्हणाले. मग मुलाकडे वळले. "नोकरी गेली तर बापाला सांगायचं नसतंय का रे?"

"कुणाची नोकरी, आप्पा?"

"मग भर दुपारी चड्डीवर का बसून राहिला?"

"रजा आहे."

"रंगाऱ्याला हाकललं ते?"

"चमक नको होती."

"आन् सुनबाई लंगोटानं दार पुसून राहिली ते?"

"मऊ कापड लागतं, आप्पा," तनुजा पुटपुटली.

यावर शेळीच काय ती बोलली, आणि टेंपोतून उडी मारून थेट दाराकडे निघाली. तनुजानं किंकाळी फोडून तिला शिंगाला धरलं. "दाराला नको गं बाई, दाराला नको!"

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं, मग दाराकडे. जवळ जाऊन त्यांनी फळीवरून तळहात फिरवला. हात एका गाठीवर थांबला.

"हितं फांदी होती. तिच्यावर बसून मी पाखरं हाकलायचो." त्यांनी गाठीवरून अंगठा फिरवला. "बरं झालं सुनबाई. चमक मारली असती तर निस्तं माझंच तोंड दिसलं असतं."

तनुजानं श्वास सोडला आणि त्याबरोबर शेळीही सुटली.

"पण दाराला दोन बाजू असतेत," शेषेराव म्हणाले. "आतली आपली, भायेरची लोकांची. आतून ऱ्हाऊ द्या असंच. भायेरून मारू द्या याला चमक. न्हाईतर मला दर महिन्याला टेंपो करावा लागंल."

संगप्पानं आनंदानं बाह्या सरसावल्या. वासाच्या धास्तीनं शेषेराव नातीला खांद्यावर घेऊन शेळीसकट गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेले. दुपारपर्यंत दार असं लखलखलं की येणारे-जाणारे थांबून भांग नीट करू लागले.

रत्नम्माकाकू ओट्यावरून सगळं बघत होत्या. एकेक पोतं आत गेलं, ढेपा गेल्या. शेवटी त्यांनी हाक मारली, "संगप्पा, तिकडचं झालं की आमच्या दाराची चमक घासून काढ."

"आवो काकू, मागच्या दिवाळीलाच मारलीय की! काढायची कशाला?"

"काढ म्हणते ना. निलंग्याला चार भाऊ हायेत माझे. बघू तरी, एखादा टेंपो करतोय का!"