तातेरावांच्या कारभारातला घोळ

मुलांनो, डोळे मिटा बरं क्षणभर. मिटले? आता एक मिशी डोळ्यांपुढं आणा. साधीसुधी नाही! दोन्ही टोकं गालांवरून वर चढलेली, जणू कानांशी काही गुपित बोलायला निघालीत. रोज सकाळी खोबरेल पिऊन चकाकणारी. वर लिंबू ठेवलं तर घसरणार नाही, आणि ठेवायची कुणाची हिंमतही होणार नाही! दिसली? आता त्या मिशीच्या मागं एक माणूस काढा. माणूस मिशीपेक्षा जरा लहान निघाला तरी चालेल. ते आपले तातेराव.

हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्याच्या पुढं माळाला टेकून एक लहानसं गाव आहे. गावात चौथीपर्यंत शाळा. शाळेत शिकवायला शिवहार गुरुजी, दुपारचं जेवण रांधायला सिंधूबाई आणि या दोघांवर लक्ष ठेवायला शाळेच्या समितीचे अध्यक्ष तातेराव. लक्ष ठेवायचं म्हणजे काय, तर शाळेमागच्या परसबागेत, कडुलिंबाखाली, नळाजवळ एक प्लास्टिकची खुर्ची होती. सकाळी तातेराव तिच्यात बसत ते दुपारची भाजी वाडग्यात घेऊनच उठत. तेवढ्या वेळात ते सगळ्यांना सूचना देत. वांग्यांनाही देत!

या तातेरावांनी पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली भाषण केलं.

"गावकऱ्यांनो! आपला कारभार म्हणजे धुतलेले तांदूळ! ह्या शाळेत कुणाला घोळ सापडला, तर ही मिशी," इथं त्यांनी मिशीला असा पीळ दिला की झेंड्याची दोरी लाजली, "ही मिशी संतरामच्या वस्तऱ्याखाली देईन!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्यांच्या नातीनं, तिसरीतल्या शिवकन्यानं. तिला कारभाराचं काही पडलं नव्हतं. पण आजोबांच्या मिशीखाली काय असतं, हे तिला जन्मापासून बघायचं होतं. तिनं आजीला विचारलं होतं. मनकर्णा आजी म्हणाली होती, "मला बी ठाव न्हाई माय. लग्नात बी अशीच होती."

पोळा झाला आणि एका सकाळी गुरुजींचा फोन वाजला. आमच्या त्या गावात मोबाईलची रेंज पाहुण्यासारखी येते. दारातूनच डोकावते आणि चहा व्हायच्या आत निघून जाते. गुरुजी खिडकीच्या गजाला चिकटून ओरडले, "हॅलो! कोण?"

"हिंगोलीच्या शिक्षण विभागातून बोलतेय, गुरुजी. तुमच्या शाळेत घोळ आहे असं कळलं. भरपूर आहे म्हणतात! उद्या मी स्वतः बघायला..."

आणि रेंज गेली.

गुरुजी तसेच गजाला लटकून राहिले. मग धावत परसबागेत आले. "तातेराव! उद्या हिंगोलीहून मॅडम येऊन राहिल्या! शाळेत घोळ आहे म्हणतात!"

तातेराव खुर्चीत ताठ झाले. मिशीचं एक टोक खाली आलं. "घोळ? अन् आपल्या शाळेत?"

"भरपूर आहे म्हणे!"

"तुमी काही केलं का गुरुजी?"

"मी? मी तर खडूचे तुकडेसुद्धा जपून वापरतो हो! तुम्ही?"

"आमी तर काहीच करत न्हाई!" तातेराव छातीवर हात ठेवून म्हणाले. हे मात्र अगदी खरं होतं.

शेवटी तातेरावांनी हुकूम सोडला, "सगळी शाळा आरशावाणी करा! मॅडमला बोट ठेवायला जागा नको! अन् ऐका रे पोरांनो, घोळ हा शब्द आजपासून शाळेत कुणी काढायचा न्हाई! जो काढील त्याचा कान आन् माझा हात!"

मग काय! भिंती पुसल्या. फळा धुतला. घंटा चिंचेनं घासली. कोपऱ्यातल्या कोळ्याला जाळ्यासकट बाहेर काढलं. शेवटी मोर्चा परसबागेकडं वळला. तातेराव लिंबाखालच्या खुर्चीत बसून, हात लांब करकरून सांगत होते, "वांगी राहू द्या. मिरच्या राहू द्या. ते खाली पसरलेलं तण सगळं उपटा! बाग कशी वहीच्या कोऱ्या पानावाणी दिसली पायजे!"

ते खाली पसरलेलं म्हणजे काय होतं, सांगतो. जमिनीला बिलगून चालणारी लालसर गुळगुळीत देठं, त्यांवर जाडजूड, रसरशीत, बाळाच्या अंगठ्याएवढी पानं आणि मधूनच एखादं पिवळं फूल. पान चावलं तर जरासं आंबट. तुमच्यापैकी शेतावर जाणाऱ्यांनी ओळखलंही असेल. ओळखलं असेल तर गप्प बसा, बाकीच्यांना सांगू नका.

शिवकन्यानं त्याची मूठभर जुडी हातात धरली आणि ती थबकली. "आजोबा, हे काहून उपटायचं? हा तर घो..."

"कान!" तातेराव ओरडले.

"पण आजोबा, सिंधूकाकू याचीच तर..."

"कान म्हणलो ना!"

शिवकन्यानं एका हातानं कान झाकला आणि दुसऱ्या हातानं तण उपटलं. बघता बघता कमरेएवढा ढीग झाला. नामाजी शेळ्या घेऊन माळाला निघाले होते. तातेरावांनी हाक मारली, "नामाजी, हे घेऊन जा! शेळ्यांचं काम होईल, आमची बाग साफ होईल!" नामाजींच्या शेळ्यांनी तो ढीग असा फस्त केला, जणू त्यांच्याच घरचं लग्न होतं. मागं काडीसुद्धा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी जीप आली. मॅडम उतरल्या. त्यांनी ना वर्ग बघितला, ना चकाकणारी घंटा. चष्मा सारखा करून म्हणाल्या, "आधी मला घोळ दाखवा."

"मॅडम," तातेराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "घोळ न्हाई."

"नाही कसा? मी पक्की माहिती काढून आलेय."

"खोटी माहिती हाय! कुणीतरी आमच्यावर जळून राहिलं!"

मॅडम गोंधळल्या. "जळायचं काय त्यात? बरं, घोळ करतं कोण?"

बागेत अशी शांतता पसरली की वांगं वाढताना ऐकू यावं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून सिंधूबाईंनी पदराला हात पुसत डोकं बाहेर काढलं.

"मीच करते की!"

गुरुजींनी लिंबाचं खोड धरलं.

"किती दिवसांपासून?" मॅडमनी वही काढली.

"लई दिस झाले. गुरुजीला बराबर ठाव हाय! अन् अध्यक्षांचा बी वाटा असतो त्यात. त्याइना दिल्याबिगर मी कुणाला देतच न्हाई!"

तातेराव धपकन खुर्चीत बसले. मिशीची दोन्ही टोकं आता थेट जमिनीकडं बघत होती. "सिंधूबाई! अवं काय बोलून राहिल्या! माझा कसला वाटा?"

"आता काहून नाकारता? वाडगं भरून न्हेता की रोज!"

"एकट्याच करता का?" मॅडमनी विचारलं.

"एकटीच. मूठभर मुगाची डाळ, लसणाच्या चार पाकळ्या जास्तीच्या, अन् वरून शेंगदाण्याचा कूट. तिखट बेतानं, लेकरं खाणारी हायत."

तातेरावांनी मान वर केली. मग गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी तातेरावांकडं बघितलं.

"घोळ... म्हणजे... भाजी?" तातेरावांचा आवाज उंदरासारखा निघाला.

"मग तुम्हांला काय वाटलं?" मॅडम म्हणाल्या. "अहो, डॉक्टर लेकरं तपासून गेले ना? कितीतरी गावांत पोरं पिवळी पडलेली, चार पावलं पळाली की धापा टाकतात. तुमच्या शाळेतली मात्र टणटणीत! म्हणून मी चौकशी केली. तर कळलं, इथं परसबागेतला ताजा घोळ शिजतो. लोह आहे त्यात, कॅल्शियम आहे, आणि विकत आणायलाही नको, आपला आपण उगवतो! ज्या शाळेची बाग अशी, तिला पाण्याची टाकी आणि तारेचं कुंपण द्यायचं ठरलंय. म्हणजे लेकरांना उन्हाळ्यातही हिरवी भाजी मिळेल. मला फक्त बागेत उभा घोळ बघायचाय, एक फोटो काढायचाय. कुठाय?"

गुरुजी खोडामागून म्हणाले, "उपटला."

"उपटला? कुणी?"

सगळ्या पोरांची बोटं एकाच दिशेला गेली. ती खुर्चीची दिशा होती.

"मग उपटलेला कुठाय?"

"शेळ्यांच्या पोटात," तातेराव म्हणाले. माळावरून एक शेळी ओरडली. आवाजावरूनच कळत होतं की तिला लोह भरपूर मिळालंय.

मॅडमनी वही मिटली. "मग अवघड आहे. जे दिसत नाही ते मी लिहू कसं? टाकी दुसऱ्या शाळेला द्यावी लागेल."

सिंधूबाईंचा चेहरा पडला. उन्हाळ्यात नळ कोरडा पडला की त्या डोक्यावर हंडा घेऊन लांबून पाणी आणत आणि बागेतल्या मिरच्यांना वाटीवाटीनं घालत, हे सगळ्यांना माहीत होतं. तातेरावांनाही. वांग्यांना सूचना देणं वेगळं आणि पाणी देणं वेगळं, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदाच कळलं असावं.

"थांबा मॅडम!" ते ओरडले. "शोधा रे पोरांनो! एक बी काडी सापडली तरी आना! घोळ शोधा! घोळ!"

आदल्या दिवशी ज्या शब्दाला कान पिळायचा हुकूम होता, तो आता सगळ्या शाळेत घुमू लागला. पोरं वाफ्यांत रांगू लागली. गुरुजी मिरच्यांत शिरले आणि डोळे चोळत बाहेर आले. आरडाओरडा ऐकून नामाजीही माळावरून आले आणि काट्यांच्या वईवरून वाकून म्हणाले, "तातेराव, सोच के! सापडला तर मिशी जाती बरं का!"

सगळे तातेरावांकडं बघू लागले. तातेरावांचा हात मिशीपाशी गेला. तिथंच थोडा थांबला. मग त्यांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, "जाऊ दे गेली तर! शोधा!"

पण सापडणार कुठून? बाग खरंच वहीच्या कोऱ्या पानासारखी झाली होती. मॅडम जीपकडं वळल्या.

शिवकन्या एका हातानं कान झाकून खुर्चीसमोर उभी राहिली. "आजोबा, एक सांगू? पण ते नाव काढावं लागंल."

"काढ माय, काढ! आता काय राहिलं!"

"घोळ हाय. तुमच्या खुर्चीखाली."

तातेराव विंचू चावल्यासारखे उठले. गुरुजींनी खुर्ची उचलली. आणि बघतात तर काय! नळाच्या सांडलेल्या पाण्यावर पोसलेला, लाल देठांचा, पिवळ्या फुलांचा, चटईएवढा घोळ! आदल्या दिवशी सगळी बाग साफ झाली होती. पण साफ करायचे हुकूम ज्या जागेवर बसून सुटत होते, ती जागा साफ करायला कुणाला पोचताच आलं नव्हतं.

"अध्यक्षांच्या खुर्चीखालीच घोळ!" मॅडम इतक्या हसल्या की फोटो हलला. दुसरा काढावा लागला. त्यांनी एक पान तोंडात टाकलं, डोळे बारीक करून म्हणाल्या, "छान आंबट आहे!" आणि वहीत लिहून घेतलं. टाकी मंजूर!

काय आनंद झाला! सिंधूबाईंनी तिथल्या तिथं विळी मागवली. तातेरावांची छाती पुन्हा फुगली, मिशी पुन्हा वर चढली. "तरी मी म्हणतच होतो," ते मॅडमना सांगू लागले, "आपल्या कारभारात काही कमी पडत न्हाई! तिथं मी मुद्दामच..."

आणि बोलता बोलता ते थांबले. कारण सगळी पोरं अगदी गप्प उभी होती आणि एकटक त्यांच्या मिशीकडं बघत होती.

"आपली शिवकन्या कुठं गेली रं?" तातेरावांनी हळूच विचारलं.

शिवकन्या ओढा ओलांडून कधीच पार गेली होती. घोळाची भाजी खाऊन टणटणीत झालेले पाय ते, त्यांना कोण गाठणार! लांबून, संतरामच्या दुकानाकडून, तिचा आवाज मात्र सगळ्या गावाला स्पष्ट ऐकू येत होता.

"संतरामकाका, वस्तरा घ्या, लवकर चला! आजोबांच्या कारभारात घोळ सापडला!"