वैशंपायनांचा डुलता खांब

कुरिअरवाल्याला वैशंपायन पहिल्यांदा भेटले ते टेबलाखालून. अंगणातल्या खांबावरची घंटा वाजली होती, म्हणजे भूकंप. म्हणून ते डोकं झाकून टेबलाखाली शिरले होते. उघड्या दारातून त्याने विचारलं, "ऑल गुड, अंकल?" त्यांनी खालूनच विचारलं, त्याला धक्का जाणवला का. त्याला फक्त सही हवी होती.

न्यूझीलंडमधल्या ओटाहुहूच्या फार्मसीत उभी हयात गेलेला हा माणूस. निवृत्त झाल्यावर लोक युरोप करतात. हे आर्मेनियाला गेले आणि तातेवचा मठ पाहून आले. डोंगरात, खोल दरीच्या अगदी काठावर बांधलेला, हजारेक वर्षांपूर्वीचा. तेव्हापासून आमच्या गणपतीत आरती संपली की मोदकाआधी तातेव सुरू होई. जाड दगडी भिंती, टोकदार टोपीसारखा घुमट, भिक्षूंचं विद्यापीठ, आणि अंगणात तो अष्टकोनी खांब, दोन मजली घराएवढा, माथ्यावर दगडी क्रूस. बुंध्याशी बिजागरीसारखा सांधा. ढकलला की डुलतो, परत सरळ होतो. जमीन हलणार असली की तो सांगायचा म्हणे, आणि शत्रूचं सैन्य येत असलं तरी सांगायचा.

"पुढे मोठ्या भूकंपात घुमट कोसळला, देशपांडे. खांब उभा." मला असं सांगून मग तर्जनी वर. "खांब खोटं बोलत नाही."

भूकंपांच्या देशात असा एकही खांब नसावा, ही त्यांना न्यूझीलंडची ढिलाई वाटे. त्यांनी कुंपणाचा एक खांब तासून आठ बाजू पाडल्या, खाली जुन्या वॉशिंग मशीनच्या स्प्रिंगा लावल्या आणि वर, दगडी क्रूसाच्या जागी, देव्हाऱ्यातली घंटा बांधली. खरे भूकंप त्याने झाडून सगळे चुकवले. पेनरोजच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक मात्र अचूक पकडले. माझी बायको मीना त्यांना म्हणायची, "भाऊजी, खांबाला ट्रॅफिक पोलिसात भरती करा." ते उलट खूश व्हायचे.

मीना गेली त्या हिवाळ्यात मी दाराची बेल काढून ठेवली. लोक डबे ठेवून जात. मी दार उघडत नसे. एका सकाळी बाहेर ठोकाठोक सुरू झाली, म्हणून उघडलं. वैशंपायन माझ्या डेकवर गुडघे टेकून खांब बसवत होते. मी म्हटलं, इथे कशाला, आमच्या गल्लीत ट्रकसुद्धा येत नाहीत.

"भूकंपासाठी नाही," ते वर न बघता म्हणाले. "कोणी येतंय हे कळावं म्हणून. नको असेल तर दार उघडू नका. पण कळावं."

त्यांच्या अंगणात आता नुसता खड्डा आहे. माझ्याकडे खांब जरा वाकडाच बसलाय आणि कोणी आलं तरी हलत नाही. तरी रोज संध्याकाळी घंटा वाजते. खिडकीतून दिसतं: काडीसारखे वैशंपायन, पायात जॅन्डल्स म्हणतात त्या रबरी चपला, ड्राइव्हवेवरून अख्ख्या सैन्यासारखे पाय आपटत येतात. डेकवर चढले की दोन्ही पायांनी एकदम उडी मारतात. मग आपला काही संबंध नसल्यासारखे खांबाकडे बघत उभे राहतात.

मी दोन कपांचं आधण ठेवतो.